जेवणाच्या टेबलावरचं शापित स्टेशन

माझी बायको दर रविवारी सकाळी तीन माणसांचा जीव घ्यायला बसते, आणि आम्ही तिघं दर रविवारी हसत हसत वाचतो. हेच तिचं दुःख होतं.

खेळ असा: ती गोष्ट सांगते, आम्ही त्या गोष्टीतली माणसं होतो, आणि नशिबाचा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकतो. मी म्हातारा जादूगार. (मेकअपचा खर्च नाही, असं ती म्हणते.) आमच्या कात्रपच्या इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाई धनुर्धारी. आणि उल्हासनगरचा माझा सिंधी मित्र, ज्याचं पर्सच्या सामानाचं दुकान आहे, तो तलवारबाज. प्रत्येक दार तो आधी तोडतो आणि मग बघतो, कडी होती का.

गेल्या हिवाळ्यात खेळातला जीव जायला लागला. मित्र मधेच मोबाइल बघायचा. बाई एकदा म्हणाल्या, "अगं, तुझे राक्षस फार गुणी झालेत. बोलावलं की येतात, मारलं की मरतात." बायको हसली. भांडी आवरताना मात्र मला म्हणाली, "अहो, एक शेवटचं करून बघते. त्यातही यांनी जांभया दिल्या, तर खेळ बंद. फासे देऊन टाकू कुणाला तरी."

शेवटचं म्हणजे रेल्वे स्टेशन. जादूच्या राज्यातलं, शापित, मेलेल्यांची गाडी जिथे थांबते असं.

ती अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे तिच्या हाताला घाई ठाऊक नाही. सनबोर्डच्या हलक्या फळीचे एकसारखे चौकोन कापले. कुणावर फलाट, कुणावर रूळ, कुणावर जिना. कुठलाही चौकोन कुठल्याही चौकोनाला जोडता आलाच पाहिजे, ही तिची अट. त्यासाठी मित्राच्या दुकानातून पर्सची लोहचुंबकाची बटणं आली. लावली, तर अर्धे तुकडे एकमेकांचं तोंड बघेनात. मित्र फोनवर म्हणाला, "भाभी, बटण में मेल-फीमेल होता है. शादी जमा के लगाओ!" मग तिने प्रत्येक कडेला डावीकडे नर, उजवीकडे मादी असा नियम केला. त्यानंतर कसंही फिरवा, टक्क! मी नुसता तो टक्क ऐकायला तुकडे जोडत बसायचो.

पण तिचा जीव पादचारी पुलात होता. आइस्क्रीमच्या काड्यांचे कठडे, चहाच्या भुकटीचा गंज, आणि मधोमध एका झाकणाखाली दडलेला राक्षस. आम्ही पुलावर येणार आणि आमची बोबडी वळणार, असा बेत.

रविवार उजाडला. "समोरच्या फलाटावर शेवटची गाडी," ती म्हणाली. "कसे जाणार?"

आम्ही तिघंही इथल्या लोकलच्या लाइनवर वाढलेलो. विचार कसला?

"रूळ क्रॉस," मी म्हणालो.

"सीधा उतरो!" मित्र म्हणाला.

आयुष्यभर पोरांना शिस्त लावलेल्या बाईंनी आपली धनुर्धारी स्वतःच्या हाताने रुळावर ठेवली. "पूल कोण चढतंय, भाऊजी? गुडघे कुणाचे आहेत?"

पूल तसाच उभा. आत राक्षस ताटकळलेला. बायकोचा हात कठड्यावर होता, आणि तिच्या चेहऱ्यावर मला ते देऊन टाकलेले फासे दिसायला लागले.

मग तिने समोरचा फलाट धरला आणि उपटला. मधे रुळांचा एक नवा तुकडा सरकवला. टक्क.

"एक लाइन ओलांडलीत. पुढे अजून एक आहे."

"अरे, दो ही तो ट्रॅक थे!"

"होते," ती म्हणाली. टक्क.

बाईंनी फासा टाकला, चांगला पडला, त्या धावल्या. टक्क, टक्क. फलाट टेबलाच्या कडेला जाऊन पोचला. मग स्टेशनवरच्या त्या थंड, सपाट आवाजात ती बोलली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. येणारी गाडी, आपण उभे आहात त्याच रुळावर येत आहे."

मित्राचा मोबाइल वाजला. त्याने न बघताच बंद केला. "भाभी, वापस! वापस!"

वळून पाहतो तर मागचा फलाटही तिच्या मांडीवर. रुळांच्या समुद्रात फक्त पूल उरला होता आणि त्याचा जिना नेमका आमच्या पायाशी.

"आता चढावंच लागणार," बाई पुटपुटल्या. चढलो. झाकण उघडलं तेव्हा त्या अशा किंचाळल्या की खालच्यांनी गॅलरीतून हाक मारून चौकशी केली.

मी पाहिली ती माझी बायको नव्हतीच. रंगभूमीवर एवढ्या ताकदीचा प्रवेश मी पैसे देऊनही पाहिलेला नाही. स्वतःचा सगळा बेत तिने भर खेळात उपटला आणि नवा जोडला.

"आवरू?" ती म्हणाली.

"हात लावू नकोस!" आम्ही तिघंही ओरडलो. त्यामुळे तो आठवडा आम्ही नवरा-बायको जमिनीवर बसून जेवलो. बुधवारी मित्राचा फोन आला. "साईं, मेरा आदमी अभी पुल पे ही है ना?"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "पुलावरच आहे. पूल मात्र हललाय."