तात्यासाहेबांचे दोन मांडव

माझे सासरे तात्यासाहेब पडेगावचे. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नाही, खोड आहे. दोन मुलींचा बाप भेटला की त्यांचा सल्ला ठरलेला, "एकाच मांडवात दोन्ही बार उडवा. पाहुणे एकदाच, आचारी एकदाच." स्वतःच्या मुलींची लग्नंही त्यांनी तशीच केली. त्यातली धाकटी सायली माझ्या वाट्याला आली.

मागच्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. तो यकृतातही पसरला होता. आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. केमोनं गाठी आकसल्या, तेव्हा सर्जन पद्मजाताईंनी आम्हाला समोर बसवलं. "तीन वाटा आहेत. आधी आतडं, मग यकृत. आधी यकृत, मग आतडं. किंवा दोन्ही एकदम."

सासऱ्यांची कळी खुलली. "एकदमच उरका म्याडम. पुन्हा पुन्हा पोट कोण फाडून घेतंय?"

"यकृताचा थोडाच भाग काढायचा असता तर मीही तेच म्हटलं असतं. तुमचा बराच काढावा लागेल. सोबत आतडंही कापलं तर शरीराला झेपणार नाही. आतड्यातली गाठ अजून वाट अडवत नाही, ती थांबेल. यकृत थांबणार नाही. ते आधी करू."

"रोग आतड्यातला, अन् सुरुवात यकृतापासून? हे लई उलटं झालं!"

ते हटून बसले. दोनदा भूल घ्यायची भीती वाटत होती, पण कबूल कोण करणार!

घरी आल्यावर सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "एका मांडवात दोन लग्नं केली. थोरलीची पाठवणी करीत होता, तवर धाकटीची गाडी निघून गेली. तिच्यामागं रस्त्यापर्यंत पळाला होता तुम्ही. तवा घाई केली ती केली. आता नाय करायची."

त्या गाडीत मीही होतो. आमचं वाळूज येईपर्यंत सायली मागच्या काचेतून बघत होती.

सकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला. "म्याडम, आधी यकृतच करा. दोन मांडव चालतील."

यकृताचं ऑपरेशन झालं. यकृत भरून आल्यावर आतड्याचं झालं. त्या दुसऱ्या वेळी स्ट्रेचरवरून आत जाताना म्हणाले, "आता धाकटीचा मुहूर्त!" तपासण्या पुढंही चालूच राहणार. पण सध्या रिपोर्ट चांगले आहेत, भाकरी पचते आणि सोयरिकींचे फोन पुन्हा खणखणायला लागलेत. मला त्याचा फार आनंद आहे.

परवा त्यांना भेटून आम्ही वाळूजला निघालो. मी गाडी सुरू केली, तसे सासरे काठी टेकत फाटकाशी आले. खिडकीतून हात घालून त्यांनी सायलीच्या डोक्यावर ठेवला. मी गाडी बंद केली.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "हं जावईबापू, आता न्या."