तीस जूनच्या पुढची तारीख

हिबालोनच्या नगर भवनात एडेलविना देसुयोला खुर्चीत नीट टेकून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बसली तरी खुर्चीच्या कडेला, एक पाय बाहेर काढून, कुणी हाक मारली की निघायला बरं अशी. भात आणि सुकी मासळीसुद्धा ती उभ्यानंच खायची, नजर पडद्यावर ठेवून. टेबलावर ना मुलीचा फोटो, ना स्वतःचा कप. शेजारच्या खिडकीवरची जोवेलिन चिडवायची, "मानांग विन, तुमचं टेबल बघून वाटतं, तुम्ही इथं बसची वाट बघताय."

"बघतेयच की," विन म्हणायची. "अकरा वर्षं झाली, बस काही येईना."

मानांग म्हणजे थोरली बहीण. खालची पोरंपोरी तिला मानांग म्हणत, वरचे साहेबलोक 'दाय', म्हणजे पोरी, म्हणून हाक मारत, आणि दोघांनाही ती धावत जाऊन ओ द्यायची. नोकरी सहा महिन्यांच्या कागदावरची. जानेवारीचा कागद तीस जूनला संपायचा, जुलैचा एकतीस डिसेंबरला. नगर भवनातली निम्मी माणसं अशाच कागदांवर होती, पण बाकीच्यांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. विनला ते जमलं नाही. जून आला की ती दिवस मोजायला लागायची, डिसेंबर आला की झोप उडायची. तिचा नवरा रोदेल तीनचाकी चालवायचा. तो मुद्दाम डिवचायचा, "काय गं, आपलं बी कंत्राट वाढवायचं का यंदा? का म्या दुसरी बघू?" विन हाताला येईल ते फेकून मारायची.

मग नवी सिस्टिम आली.

त्याआधी या शहराचा हिशेब तीन तोंडांनी बोलायचा. पैसे घेणारा कोषागार आपल्या मशीनवर लिहायचा, लेखा विभाग आपल्या मशीनवर, आणि बजेटवाल्या बाई अजून हिरव्या रजिस्टरात. महिनाअखेरीला तिघांचे आकडे कधी जुळायचे नाहीत, मग तिघं एकमेकांकडं असं बघायचे की जणू दुसऱ्यानं खिशात घातलेत. ऑडिटवाले दरवर्षी तोच शेरा मारून जायचे. शेवटी वरून हुकूम आला, सगळं एका सिस्टिममध्ये आणा. मनिलाहून कंपनीची माणसं आली. दिवसभर थंडगार खोलीत बसून त्यांनी नकाशे काढले, पण जुन्या मशीनमधला माल नव्यात ओतायला बसली विन. एकेक दुकान, एकेक परवाना, एकेक कर्मचारी. दोन वर्षं तिनं तेच केलं. सोमवारी सकाळी झेंड्यापुढं सगळे उभे असताना मेयरनी एकदा माइकवरून सांगितलं, "ही सिस्टिम चालू झाली की आपल्या विनला कायम करायचं." टाळ्या पडल्या. विन तिसऱ्या खेपेला सरकारी परीक्षाही पास झाली. नव्या सिस्टिमसाठी एक पद मंजूर होतं. तिच्या नेमणुकीची फाइल आस्थापनेच्या मॅडम पेर्पेतुआ, म्हणजे मॅडम पेपी, यांच्या खणात तयार होती. राहिली होती फक्त मेयरची सही.

"सही काय गं, होईलच," मॅडम पेपी म्हणायच्या. सप्टेंबरातही म्हणाल्या, नोव्हेंबरातही म्हणाल्या.

डिसेंबरात कंपनीच्या माणसानं विनला विचारलं होतं, "कंत्राटी लोकांची शेवटची तारीख काय घालायची?" विननं कागदात बघून सांगितलं, एकतीस डिसेंबर. आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांच्या नावापुढं घातली. स्वतःच्याही. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पण हिबालोनमध्ये एकतीस डिसेंबरला कुणाची नोकरी जात नाही. माणसं दोन जानेवारीला नववर्षाचा उरलेला भाताचा गोड बिको घेऊन कामावर येतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, कामाला लागतात. नवे कागद सह्या होऊन येतात जानेवारी सरता सरता, आणि त्यांच्यावर तारीख असते एक जानेवारीची. मधले ते आठवडे कागदावर माणूस नसतो, खिडकीत मात्र बसलेला असतो. इतकी वर्षं कागदानं कधी तोंड उघडलं नव्हतं. मशीनला गप्प बसणं माहीत नव्हतं आणि ते शिकवायचं विनला सुचलं नव्हतं.

दोन जानेवारीला सकाळी फाटकापासून रांग लागली होती. दुकानांचे परवाने वीस तारखेच्या आत नवे करावे लागतात, नाहीतर दंड. मासळीवाल्या, न्हावी, पावभट्टीवाले, सगळे पहिल्याच दिवशी आले होते. जोवेलिननं नव्या सिस्टिममध्ये पासवर्ड घातला. पडद्यावर लाल अक्षरं आली: या व्यक्तीची सेवा समाप्त झाली आहे.

"अगो!" जोवेलिन ओरडली. "मानांग, मी मेले का काय?"

पलीकडच्या खिडकीवरही तेच. त्याच्या पलीकडंही तेच. विननं पळत येऊन आपल्या टेबलावर बघितलं. तीच लाल अक्षरं. कुणाला विचारायची गरज नव्हती, कुठल्या रकान्यात काय घातलंय ते तिला पाठ होतं.

बाहेर रांगेत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी मासळीवाली काचेवर बोटं वाजवून म्हणाली, "काय ओ, साहेबलोकांची सुट्टी संपली न्हाई वाटतं अजून?"

"संपली ओ आजी, आमची नोकरी बी संपली," जोवेलिननं आतून सांगितलं, आणि रांग हसली. हसणं फार टिकलं नाही. ऊन चढत होतं.

मुख्य लेखापाल सर एर्मोहेनेस बाहेर आले. भला माणूस, निवृत्तीला टेकलेला. पासवर्ड म्हणजे त्यांच्या लेखी चावी. ज्याला काम त्याच्या हातात द्यायची. नगर भवनातल्या निम्म्या साहेबांचे पासवर्ड त्यांच्यापेक्षा विनलाच जास्त माहीत होते. बिलं मंजूर व्हायची ती त्यांच्या नावानं, बोटं विनची.

"दाय, माझ्या नावानं आत जा आणि कर बघू सगळ्यांचं चालू," ते म्हणाले.

विन खुर्चीपर्यंत गेली. हात पुढं केला. आणि मागं घेतला.

"सर, आज मी इथली कुणी नाही."

"काय बोलतेस?"

"बाहेरच्या माणसानं सिस्टिमला हात लावला तर केस होते. नियम मागच्याच महिन्यात मीच वाचून दाखवला सगळ्यांना. ऑडिटवाल्यांना दिसेल, कुठल्या टेबलावरून कोण गेलं ते. तुम्ही बसा. मी सांगते."

सर बसले. दोन बोटांनी, कोंबडीनं दाणे टिपावेत तसे टाइप करायला लागले. विन पाठीमागं उभी राहून सांगत होती: वर जा, इथं दाबा, हे नाही सर, ते. मॅडम पेपीही खाली आल्या, हातात बिकोची बशी. "जुनी तारीख काढा आणि तीस जून घाला," त्यांनी फर्मान काढलं. "कागद येतील मागून. नेहमीसारखं."

तीस जून, तीस जून, विन सांगत गेली. एकेक खिडकी उघडत गेली. जोवेलिनचं नाव आलं, तिलाही तीस जून. ती टाळी वाजवून म्हणाली, "जिवंत झाले गं बाई!" आणि पहिल्या न्हाव्याला आत घेतलं. रांग जराशी हलली.

मग सरांचं बोट विनच्या नावावर आलं. "तुझं बी तीस जून ना दाय?"

तिनं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. अकरा वर्षं ती हो म्हणत आली होती. पण तिला पुढचं सगळं दिसायला लागलं: तीस जून घातला की नवा कागद निघणार, मग मॅडम म्हणणार घाई कसली, कागद तर आहे, फाइल खणात आणखी खाली सरकणार, आणि जूनमध्ये पुन्हा तेच दिवस मोजणं.

"माझ्यापुढं तारीख घालू नका, सर."

"मग सुरू कसं व्हायचं?"

"नका सुरू करू."

मॅडम पेपींनी बशी खाली ठेवली. "म्हणजे? आज संध्याकाळी सगळ्या खिडक्यांचा भरणा बँकेशी कोण जुळवणार?"

"त्या कामाला पद मंजूर आहे, मॅडम. त्या पदावर जो असेल तो."

"धमकी देतेस होय गं?"

"नाही ओ मॅडम." विनचा आवाज चिरकला. "मला भ्या वाटतंय." तिनं पडद्यावरच्या आपल्या नावाकडं बोट दाखवलं. "चूक माझीच आहे, मीच एकतीस डिसेंबर घातला. मेयरना सांगा, मला काढायचं तर आज काढा. पण आता सहा महिन्यांनी पुन्हा हे मला सोसवायचं नाही."

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. मग पडद्याकडंच बघत म्हणाले, "पेपी, मला या मशीनमधलं काही कळत नाही. संध्याकाळचा हिशेब चुकला तर सही माझी असते. जा वर."

मॅडम पेपी जिना चढून गेल्या, खणातली फाइल काखेत मारून मेयरकडं जायला.

विनला तिथं उभं राहवेना. ती दारापर्यंत गेली, परत आली. घरी जावं का? रोदेलला काय सांगायचं? मुलीची कॉलेजची फी पुढल्या आठवड्यात होती. धावत वर जावं, मॅडमना म्हणावं, राहू द्या, घाला तीस जून, असंही एकदा मनात आलं. दोन पायऱ्या चढलीही. वरून कुणाचा तरी आवाज चढलेला ऐकू आला आणि ती खाली आली.

मॅडम पेपी उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामानं चमकत होता. फाइल त्यांनी सरांपुढं आपटली. सही होती. निळी, आडवीतिडवी, अजून ओली.

"तुझ्यासाठी नाही केली बरं का दाय," त्या म्हणाल्या. "खिडकीतून रांग बघितली मेयरनी. मेमध्ये निवडणूक आहे."

"चालेल मॅडम," विन म्हणाली. तिला एवढंच सुचलं.

सरांनी तिच्या नावापुढं 'कायम' निवडलं. शेवटच्या तारखेचा रकाना राखाडी झाला. मशीननं तिची जन्मतारीख विचारली, सरांनी घातली, आणि राखाडी रकान्यात आपोआप एक तारीख उमटली.

"सर, ही कुणी घातली?"

"कुणी नाही. पासष्टाव्या वाढदिवसाची आहे. त्या दिवशी निवृत्त."

विन वाकून बघत राहिली. ते साल तिनं कधी कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं, परवान्यावर नाही की बिलावर नाही. बावीस वर्षं. तोवर मुलीला पोरं झालेली असतील. रोदेलचे गुडघे गेलेले असतील. आणि ती इथंच असेल, याच टेबलाशी, हेच आकडे जुळवत. तिला वाटलं होतं, असं काही झालं तर आपण रडू. रडू आलं नाही. फक्त कुणीतरी दार बाहेरून लावून घेतल्यासारखं एकदा वाटलं.

"अभिनंदन कर की तिचं," सर जोवेलिनला म्हणाले.

जोवेलिन उठून आली, विनच्या गळ्यात पडली, दोन्ही गालांना गाल लावले. मग तिच्या खांद्यावरून पडद्याकडं बघत, हसत हसतच, हळू आवाजात विचारलं, "मानांग, माझी तारीख पण तुम्हीच सांगितलीत ना मघाशी? तीस जून?"

"हो," विन म्हणाली.

बाहेरून म्हातारीनं पुन्हा काचेवर बोटं वाजवली. जोवेलिन आपल्या खिडकीकडं परत गेली. विननं सरांच्या खांद्यामागून यादी वर सरकवायला सांगितलं, पहिल्या नावापासून. जोवेलिनच्या नावावर तिची नजर सारखी थांबत होती, पुढं जात होती, परत येत होती, आणि सर विचारत होते, "काय शोधतेस गं दाय? सगळं झालं की."