अळ्यांची गाडी

नवऱ्यानं सात माणसं बसतील अशी जुनी कार आणली, तेव्हा घरात माणसं दोनच होती, तो आणि मी. मुलगी शिकायला बाहेरगावी. उरलेल्या जागांवर कोणाला बसवणार आहेस, असं विचारलं तर म्हणाला, असू दे, लागते. ती कधीच लागली नाही. रंग वांग्याचा, तोही शिळ्या वांग्याचा. चढाला धापा टाकायची आणि मागच्या सीटवरच्या माणसाला अंबडहून जालना येईपर्यंत हमखास मळमळायचं. माझी नणंद एकदा तिच्यात बसली आणि पुढच्या दिवाळीला सरळ एसटीनं आली. विकायला काढली तर बघायला आलेला माणूस चहा पिऊन, गाडीकडे न बघता गेला.

आमचं शेत अंकुशनगरच्या रस्त्याला. या पट्ट्यात उसाशिवाय दुसरं काही लावलं की लोक आधी तब्येत विचारतात. मी तुती लावली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला लागले तेव्हा माझीही चौकशी झाली. मी कोष करत नाही. मी अंडी आणून त्यातून निघालेल्या बारक्या अळ्या सांभाळते आणि दुसऱ्यांदा कात टाकायला बसल्या की शेतकऱ्यांना पोचवते. अळ्या कात टाकताना खात नाहीत, हलत नाहीत, मान वर करून तशाच बसून राहतात. आम्ही त्याला झोप म्हणतो. त्या झोपेतच त्यांना गाडीत घालायचं, म्हणजे खाण्याचा खोळंबा होत नाही.

या अळीला नाकाचे चोचले फार. विडीचा वास चालत नाही, उदबत्ती चालत नाही, फवारणीचा तर विषयच नको. त्यांच्यापायी आमच्या देव्हाऱ्यात उदबत्ती बंद झाली, नवऱ्याची पावडर बंद झाली, आणि मी गजरा माळत नाही. सासूबाई येतात तेव्हा देवाला उदबत्ती लावायला रस्त्याच्या पलीकडे जातात आणि तिथून माझ्याकडे बघतात.

घरात एवढं सोवळं पाळून अळ्या मात्र मी भाड्याच्या टेम्पोनं पाठवत होते. केदारखेड्याच्या एका मावशीची बॅच अशीच पाठवली. मावशी एकटी बाई, ऐकून घेणारी नव्हे. टेम्पोत आदल्या दिवशी कीटकनाशकाचे डबे गेलेले. अळ्या पोचल्या त्या झोपेतून उठल्याच नाहीत. मावशीनं त्या खड्डा करून पुरल्या आणि मला फोनवर सांगितलं की अजून एकदा घेते. त्याही मेल्या तर तुती उपटून टाकीन आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला तुझं नाव सांगीन. ती सांगणार हे मला पक्कं माहीत होतं, आणि तिच्या सांगण्यावर चार गावं चालतात हेही.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, तुझी कार दे. तो म्हणाला, ती बसायची गाडी आहे. मी म्हटलं, बसतंय कोण? सीटा काढायच्या, काचांच्या जागी पत्रा मारायचा, आत ट्रे ठेवायला फळ्या करायच्या आणि त्यात अळीशिवाय काही न्यायचं नाही. गाडीचा प्रकार बदलायचा तर परवानगी लागते. ते काम मी त्याच्याकडेच दिलं, कारण गाडी त्यानं आणली होती. आरटीओचे हेलपाटे घालून तो एवढा नरमला की मधले काही दिवस स्वतःचं ताट स्वतः उचलायला लागला.

पत्र्याचं काम अंबडच्या चाचांना दिलं. चाचा म्हणजे साठीतला, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस; हात चांगला, पण तोंड हाताच्या पुढे. कारची सीट काढून तिथे अळ्या ठेवायच्या हे ऐकून त्यांनी पाना खाली ठेवला. त्यांच्या मते गाडीचा हा अपमान होता. मग अपमान करायचाच तर थाटात करू, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मी दर दोन दिवसांनी जाई आणि दर वेळी काहीतरी काढायला लावी. एकदा आत निळे दिवे लावलेले. एकदा मखमली पडदा. एकदा फळ्यांच्या कडेला रबरी सोल्यूशननं झालर चिकटवलेली, ती मी तिथल्या तिथे ओढून काढली. मागच्या दारावर एक शेर लिहायची त्यांची फार इच्छा होती. मी म्हटलं, चाचा, अळ्यांना वाचता येत नाही. ते म्हणाले, मागून येणाऱ्याला तर येतं.

वास नको, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते मला बघितल्यावरच म्हणायचे, वास न्हाई, बेटी, वास न्हाई. आतून रंग दिला नाही, नुसता पत्रा ठेवला. बाहेरचा पांढरा रंग दिल्यावर गाडी दारं उघडी टाकून उन्हात वाळवली. ती बंद, पांढरी गाडी एकदा चालवून बघायला नेली तर वाटेतल्या पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी हात जोडले. नवऱ्यानंही आतून हात जोडले. मी त्याला म्हटलं, मागे कोण गेलंय ते आधी सांगून तरी ये.

अळ्या न्यायच्या आदल्या संध्याकाळी नवरा चाचांकडून गाडी घेऊन आला, अंगणात लावली, मागचं दार काही उघडलं नाही. सकाळी उजाडताना मी ते उघडलं आणि गुलाबाच्या अत्तराचा असा लोट अंगावर आला की मी मागे सरकले. शेडमध्ये मावशीच्या अळ्या झोपेत बसलेल्या. ऊन चढायच्या आत निघणं भाग. दुसरी गाडी आणायची तर तीत कोणी काय नेलं होतं ते कोण सांगणार? नवऱ्यानं वास घेतला आणि म्हणाला, वास तसा चांगलाय. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

चाचांना फोन केला तर ते खुशीत. नजर लागू नये म्हणून प्रत्येक गाडीला सोपवण्याआधी ते अत्तर लावतात, त्यांचे वडीलही लावायचे. मी म्हटलं, वास नको म्हणून महिनाभर सांगत होते ना. ते म्हणाले, बेटी, तू बदबू म्हणत होतीस ना, ये तो खुशबू है. मग माझा आवाज ऐकून ते हळूच म्हणाले की नुसतं लावलं नाही, कापसाचे बोळे भिजवून पत्र्याच्या आत ठेवलेत. सालभर टिकावं म्हणून.

ते स्कूटरवर हत्यारं घेऊन आले. डाव्या बाजूचा तो पत्रा, ज्याच्या सरळ कडांबद्दल त्यांनी अंबडच्या अर्ध्या बाजाराला सांगितलं होतं, तो त्यांनी स्वतः रिव्हिटा तोडून काढला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. बोळे निघाले, ऊन लागू नये म्हणून आत भरलेला थर्मोकोल निघाला, सगळी गाडी पाण्यानं धुतली. वास कमी झाला, पण गेला म्हणवेना. काढताना वाकलेला पत्रा परत बसेना, आणि आता गाडीच्या एका अंगाला खिडकीएवढं भोक.

उघड्या भोकातून वारा आला की अळ्या सुकणार. त्यावर ओली पोती धरून कोणीतरी आत बसायला हवं होतं. चाचा म्हणाले, मी बसतो. पण चाचांच्या अंगालाही तेच अत्तर, दाढीलाही. मग त्यांना विहिरीच्या मोटारीच्या पाण्याखाली साबणाशिवाय अंघोळ करायला लावली आणि नवऱ्याचे कपडे दिले. कोण्या बियाणे कंपनीचा टी-शर्ट होता, छातीवर भलंमोठं कणीस. जर्दाही काढून घेतला. पोती मी एकेक हुंगून निवडली. चाचा ट्रेच्या मध्ये उकिडवे बसले, दोन्ही हातांनी पोतं धरून, आणि आमची अळ्यांची गाडी जालना मागे टाकून भोकरदनच्या रस्त्याला लागली. नवरा जन्मात चालवली नसेल एवढी हळू चालवत होता. खड्डा आला की आतून चाचांचा आवाज यायचा, आहिस्ता, बच्चे सोये हैं.

वाटेत नवरा म्हणाला की मावशीला अत्तराचं सांगायची गरज नाही, वास बराचसा उडालाय. सांगितलं तर ती ट्रे उतरवूही देणार नाही, आणि न सांगता अळ्या मेल्या तर पुन्हा कोणत्या तोंडानं उभी राहणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

केदारखेड्याला मावशी शेडच्या दारात उभीच होती. भोक पडलेली गाडी, तिच्यातून उतरणारा मेंदीच्या दाढीचा, कणीसवाला माणूस. ती काही विचारायच्या आत चाचाच पुढे झाले.

"बाई, गाडीला अत्तर मी लावलं. ह्या पोरीनं दस बार मना केल्तं. आता काढलंय, पण बिलकुल गेलं का न्हाई, खुदा जाने. गलती माझी हाय, तिची न्हाई."

मावशीनं एक ट्रे नाकाशी नेला. अळ्या मान वर करून बसलेल्या, दगडासारख्या. झोपलेली अळी आणि मेलेली अळी लांबून सारखीच दिसते.

"मंग आता तिघंबी बसा इथंच," ती म्हणाली. "अळ्या उठल्या तर जेवून जा. न्हाई उठल्या तर ही बाई मला दारात पुन्हा नको."

आम्ही बसलो. झोपेतून सगळ्या उठेपर्यंत पाला टाकता येत नाही, नाहीतर काही पुढे जातात, काही मागे राहतात. त्यामुळे नुसतं बघायचं. नवरा बांधावर झोपला. तो कुठेही झोपू शकतो. चाचा शेडच्या बाहेर फेऱ्या मारत होते आणि दर थोड्या वेळानं जाळीला तोंड लावून विचारत होते, उठून राह्यले का? मावशी नाही म्हणायची. शेवटी तिनं उत्तर देणंच बंद केलं. माझ्या मनात हिशेब चालला होता की शेड बंद केलं तर तुतीत पुन्हा ऊस लावायचा आणि लोकांनी तब्येत विचारली तर काय सांगायचं.

दुपार कलली तेव्हा मावशीनं मला हाक मारली. तिच्या ट्रेमधली एक अळी हलत होती. जुनी कात मागे टाकून पुढे सरकत होती. मग शेजारची. मग एक अख्खा कोपरा, मग बघता बघता सगळे ट्रे. काही उठल्याच नाहीत, खोटं कशाला सांगू, पण तेवढ्या नेहमीच जातात. मावशीनं तुतीचा पाला बारीक चिरून हलक्या हातानं पसरला, आणि अळ्या पानांवर चढू लागल्या.

मावशी दाराकडे वळून म्हणाली, "चाचा, आत या. पंगत बसली बघा."

चाचा आत आले. ज्या किड्यांसाठी त्यांचा मखमली पडदा मी काढायला लावला होता, त्यांच्यावर वाकून ते एकटक बघत राहिले. हात पुढे करून त्यांनी तो मध्येच मागे घेतला, वास लागेल म्हणून.

मावशी आमच्याकडे न बघता पाला पसरत होती. तसंच खाली बघत तिनं विचारलं, पुढची बॅच कधी देता? सकाळपासून एकटी बोलत होते मी, नवऱ्यावर, चाचांवर, पोत्यांवर ओरडत होते. आता मी नुसती रडत होते, आणि बांधावरून उठून आलेला माझा नवरा डोळे चोळत तिला तारीख सांगत होता.