पिकोवाल्या वैनींनी निवडलेलं यंत्र

पिकोवाल्या वैनींना काही समजावून सांगायला बसलं, की त्या आधी एक लांब सुस्कारा सोडायच्या. शिलाई मशीनचं चाक तळहातानं थांबवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "दमले बघा. पण सांगा. मला समजंल असं सांगा, मग तुम्हालाबी समजंल." ऐकताना त्यांचा चेहरा इतका थकलेला असायचा, की यांच्या कानात काही शिरतंय का, अशी शंका यावी. मग त्या एकच प्रश्न विचारायच्या, आणि नेमकं त्याचंच उत्तर आपल्याकडं नसायचं.

मुरुमच्या बाजारात त्यांचं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं लहानसं दुकान होतं. मागं घर. नवरा नौदलात पाणबुड्या होता. पंधरा वर्षं नोकरी करून तो निवृत्त झाला आणि कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या एका केंद्रात लागला. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी तिथल्याच जवळच्या सास्तूर गावचा. विहिरीत पोहणं सोडलं तर मला दुसरं काही येत नव्हतं. अण्णांनीच मला तिकडं नेलं, शिकवलं, आणि पुढं आम्ही जोडीनं बुड्या मारू लागलो. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, म्हणून ते चार महिने आम्ही गावाकडं असायचो. वैनींनी मात्र समुद्र कधी पाहिला नाही. चला म्हटलं की म्हणायच्या, "बेडा, नको. एकदा बघितला की मग रोज डोळ्यापुढं यायचा. त्यापेक्षा न बघितलेला बरा."

एका पावसाळ्यात मालकानं आमच्याकडं तीन यंत्रं पाठवली. आमच्या धंद्यात त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. मनगटावर बांधायचं जाड घड्याळच ते. आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, अंगात किती वायू विरघळलाय आणि वर येताना कुठं किती मिनिटं थांबायचं, हे सगळं ते सांगतं. मालकाला पुढच्या हंगामात साठ मीटरवरच्या एका बुडालेल्या जहाजापर्यंत माणसं न्यायची होती. तिथं साधी हवा चालत नाही, डोकं गरगरायला लागतं. म्हणून बाटलीत हेलियम मिसळायचा, ऑक्सिजन कमी करायचा. वर येताना मग टप्प्याटप्प्यानं जास्त ऑक्सिजनच्या बाटल्यांवर यायचं. आता कुठल्या बाटलीवर आहोत ते यंत्राला सांगावं लागतं. मालकाचं एवढंच म्हणणं होतं, की दोघांनी मिळून एकच प्रकार निवडा, म्हणजे एकमेकांचं यंत्र वाचता येईल.

अण्णांनी पाकीट उघडल्या उघडल्या निवड केली. सगळ्यांत लहान, देखणं, रोजच्या घड्याळासारखं वापरता येईल असं यंत्र त्यांनी मनगटावर चढवलं आणि हात लांब धरून पाहिला. "हेच घ्यायचं," ते म्हणाले.

वैनींनी मशीन थांबवलं. "दमले बघा. पण सांगा, हे काय करतंय?"

मी त्यांना सगळं सांगत बसलो. दोन दिवस लागले. माहितीपुस्तकं इंग्रजीत होती. मी वाचायचो, त्या फॉल लावत ऐकायच्या. मधेच म्हणायच्या, "हातमोजा घालून ह्याचं बटन दाबतं का?" अण्णांचे जाड हातमोजे आणले. लहान यंत्राची दोन बटणं एकदमच दाबली जात होती, मोठ्या पडद्याच्या दुसऱ्या यंत्राची नीट दाबता येत होती. मग, "बाटली बदलली हे त्याला आपापलं कळतं का?" कळत नाही, आपण सांगायचं. "आन आपण इसरलो तर?" मी पुस्तकाची पानं पुन्हा चाळली. तिसऱ्या यंत्राची वेगळीच तऱ्हा होती. आपण थांबायचं चुकवलं, की ते मार्गदर्शन बंद करून दोन दिवस नुसती खोली आणि वेळ दाखवत राहायचं. वैनींना तेच आवडेल असं मला वाटलं होतं, कारण त्यानं अण्णांना जबरदस्तीनं घरी बसवलं असतं. पण त्यांनी मान हलवली. "रुसणारं नको. चुकल्यावर माणसाला वाट दावायची, का तोंड फिरवायचं? घरात तसली लई हायती."

अण्णा हसले, पण ते यंत्र सोडेनात. त्यांना लहानच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वैनींनी आम्हाला परसात बोलावलं. तिथं पत्र्याखाली सिमेंटचा हौद होता. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळं पत्र्याखाली अंधारून आलेलं. पाणी पावसानं गढूळ झालेलं. "हात कोपरापतुर बुडवा आन आकडा वाचा," त्या म्हणाल्या. आधी मला वाचायला लावलं. मोठ्या पडद्याचं यंत्र माझ्या हातात होतं, मी वाचलं. मग अण्णांच्या मनगटावर त्यांनी लहान यंत्र स्वतःच्या हातानं बांधलं.

"पहिली बाटली कंची?"

अण्णांनी पाण्यात पाहिलं. "अठरा टक्के ऑक्सिजन, पंचेचाळीस हेलियम."

"नीट बघा."

"अगं, बघूनच सांगतोय. अठरा, पंचेचाळीस."

"हात भाईर काढा," वैनी म्हणाल्या. "भाऊजी, तुमी वाचा."

मी वाचलं. पडद्यावर अठ्ठावीस होतं. वैनींनी सकाळीच बटणं दाबून आकडा बदलून ठेवला होता. साठ मीटरवर अठ्ठावीस टक्के ऑक्सिजन ओढला तर माणसाला झटके येतात, तोंडातली नळी सुटते. हे त्यांना मीच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"तुमी वाचत न्हाई," वैनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी आठवून सांगताय. कवापासनं?"

 पट्टा सोडून अण्णांनी यंत्र हौदाच्या कडेवर आपटलं आणि तसेच ओल्या हातानं बाहेर गेले. मी उभा होतो. मला खरं तर आश्चर्य वाटलं नव्हतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. गेला पूर्ण हंगाम वर येताना दोराला धरून थांबलं, की अण्णा माझं मनगट ओढून घेऊन पाहायचे. मला वाटायचं, माझी काळजी घेतायत. पुढं पुढं शंका आली होती. पण गुरूला कसं विचारायचं, म्हणून मी गप्प बसलो होतो.

वैनींनी माझ्याकडं पाहिलं. "तुमाला ठावं होतं."

"व्हय," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हौदाच्या कडेवर बसून पदरानं यंत्र पुसत म्हणाल्या, "पंधरा वरसं ह्या माणसाची वाट बघितली. दरवर्षी आला. आता डोळ्यानं दगा दिला म्हणून मी गप बसू का? माणूस लाजतो आन मरतो, भाऊजी."

अण्णा संध्याकाळी परत आले.  दुसऱ्या दिवशी सकाळी वैनींनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि अण्णांना घेऊन उमरग्याची एसटी धरली. चाळिशी लागली होती, एवढंच. चष्म्याच्या दुकानदाराला वैनींनी पाण्याखालच्या मुखवट्याची काच दाखवली. वाचायच्या नंबरची दोन छोटी भिंगं तिच्या खालच्या बाजूला बसवून घेतली. यंत्र मग मोठ्या पडद्याचंच घेतलं. दिसायला ओबडधोबड, आकडे अंगठ्याएवढे. अण्णा ते हातावर बांधून म्हणाले, "भिंतीवरचं घड्याळ बांधल्यागत वाटतंय." वैनी म्हणाल्या, "वाटू द्या."

आणखी एक अट त्यांनी घातली. बाटली बदलायच्या आधी दोघांनी एकमेकांना मनगट दाखवायचं, आणि समोरच्यानं मान हलवली तरच बदलायची. आम्ही ती पाळली. त्याच हंगामात, एकदा प्रवाहाशी झगडून मी इतका थकलो होतो, की वरच्या टप्प्याची, जास्त ऑक्सिजनची बाटली खालीच तोंडाला लावायला निघालो. अण्णांनी माझा हात धरला आणि यंत्रावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. भिंगामागं त्यांचे डोळे मोठे दिसत होते. पावसाळ्यात मी हे वैनींना सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि मशीन चालू केलं.

तीन हंगाम असे गेले. चौथ्या हंगामात एके दिवशी आम्ही त्याच जहाजावरून दुपारी वर आलो. होडी किनाऱ्याला लागली आणि अण्णांचा फोन वाजला. सुवर्णा होती, त्यांची मुलगी. वैनी दुकानात मशीनवर बसल्या असतानाच गेल्या होत्या. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

अण्णांनी पिशवी उचलली. मी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. एवढ्या खोलवरून आल्यावर अंगात वायू तसाच असतो. विमानात बसायचं नाही आणि घाटही चढायचा नाही, कारण उंचावर हवा विरळ होते आणि तो वायू रक्तात फुगे धरतो. सांधे दुखतात, मुंग्या येतात, माणूस लुळा पडू शकतो, मरूही शकतो. किनाऱ्यावरून मुरुमला यायचं तर घाट चढण्यावाचून रस्ता नाही. यंत्र अजून बावीस तास थांबा म्हणत होतं, आणि त्याचं ऐकल्याशिवाय घाट चढायचा नाही, हे वैनींनी लेकीलाही बजावून ठेवलं होतं.

"मी जाणार," अण्णा म्हणाले. "काय व्हायचं ते होऊ दे."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सुवर्णाला सांगितलं, की अण्णा आत्ताच बुडी मारून वर आलेत.  ती म्हणाली, "काका, फोन मोठ्यानं ऐकू येईल असा करा." मी केला.

"बाबा, आज निघायचं न्हाई."

"सुवर्णा, तुझ्या आईला शेवटचं..."

"आई गेली म्हणून आईचं ऐकायचं सोडायचं का?" ती रडत रडत ओरडली. "तुमाला काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

अण्णा वाळूत बसले. नातलगांनी सकाळपर्यंत वाट पाहिली. त्यापुढं थांबणं शक्य नव्हतं. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं वैनींना पुरून समाधी दिली तेव्हा अण्णा किनाऱ्यावर मनगटावरचा आकडा कमी होताना बघत बसले होते. मी शेजारी होतो.  

बायकोच्या मातीला नवरा आला नाही, असं मुरुममध्ये अजून बोलतात. अण्णांनी कधी कुणाला खुलासा केला नाही. त्यांनी समुद्र सोडला. मीही आता थकलोय, शिकवण्यापुरताच पाण्यात उतरतो. कुणी तरुण विचारतो, सर, मिश्र वायूसाठी कुठलं यंत्र घेऊ, तेव्हा मी त्याला आधी आकडा वाचून दाखवायला सांगतो. पण लोकांचं ते बोलणं मला सहन होत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

वैनी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्राची वेळ संपल्यावर आम्ही निघालो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुरुममध्ये पोचलो. दारात बायका बसल्या होत्या, त्यांनी माना फिरवल्या. सुवर्णा पुढं आली. तिचे डोळे सुजले होते. बापाच्या गळ्यात पडायच्या आधी तिनं त्यांचे दोन्ही हात धरले, कोपरं दाबून पाहिली, खांदे दाबून पाहिले.

"सांधे दुखतात का? मुंग्या येतात का कुठं?"

"न्हाई गं," अण्णा म्हणाले, आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसले.