खंडेनवमीला टेबल नसलेली मी

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. हे मी कुणालाही विचारायच्या आत सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते, पोती वाहिली. मला पालिकेच्या नियोजन विभागात नोकरी लागली तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट बघायची होती, माझं टेबल. आधी कामामुळे जमलं नाही, मग गुडघ्यांमुळे.

दरम्यान आम्ही नवी इमारत आखली. पाणी, मालमत्ता कर, जन्म-मृत्यू नोंद, वर वाचनालय, बाजूला दवाखाना, सगळं एका छपराखाली. म्हणजे माणसाने एका कामासाठी शहराच्या तीन भागांत रिक्षाने फिरायचं नाही. त्यातली बसायची व्यवस्था माझी होती. कुणालाही स्वतःचं टेबल नाही. सकाळी यायचं, रिकामी जागा दिसेल तिथे बसायचं, सामान लॉकरमध्ये. साहेबांनी सही केली. स्टाफने मान डोलावली आणि आम्ही नव्या इमारतीत बसू लागलो.

खंडेनवमीला वडील म्हणाले, "आज येतो. टेबलाला हार घालाया पायजे." झेंडूचा हार त्यांनी कोपरखैरण्यातून स्वतः आणला, जाड, टेबलाच्या मापाचा.

आम्ही पोचलो तेव्हा ऑफिसात उदबत्तीचा धूर. प्रत्येक टेबलावर हळदकुंकू, कॉम्प्युटरला फुलं, खुर्चीला आंब्याची डहाळी. सगळ्यांनी सकाळी लवकर येऊन आपापलं टेबल पूजलं होतं. आपापलं! खिडकीजवळचं पाणीपट्टीच्या भाऊंनी घेतलं होतं, पंख्याखालचं कराच्या ताईंनी. पूजलेल्या टेबलावर दुसरा बसणार कसा? आराखड्यात आम्ही वीज, वारा, लिफ्ट, रॅम्प सगळं धरलं होतं. खंडेनवमी धरली नव्हती.

"तुजं कुटलं?" वडिलांनी विचारलं.

"आप्पा, इथे कुणाचंच नसतं. कुठेही बसायचं."

"मग ह्ये समदे कुणाचे?"

भाऊ हसले. "मामा, मॅडमनीच नियम केला. आम्ही पाळतोय. आजच्या दिवस जरा इकडेतिकडे."

"येवडी मोटी बिल्डिंग बांधली," वडील मला म्हणाले, "आन् सोताला बसाया जागा न्हाय ठिवली?"

मी समजावलं. माथाडींच्या टोळीत पोती कुणाच्या मालकीची नसतात, सगळे मिळून उचलतात, तसंच हे. ते म्हणाले, "पोतं कुणाचं नसतं, खरं हाय. पर पोतं वडायचा लोखंडी आकडा ज्याचा त्याचा. खंडेनवमीला आमी काय पोती पूजायचो व्हय?"

मी त्यांना लॉकर दाखवला. हार लॉकरपेक्षा मोठा निघाला. त्यांनी तो दुहेरी करून कडीला अडकवला, हात जोडले आणि बाहेर नागरिकांच्या बाकावर जाऊन बसले. कराच्या ताईंनी त्यांना पेढा आणि चहा दिला.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी लवकर गेले आणि खिडकीजवळ बसले. भाऊ आले, उभे राहिले.

"मॅडम, हे माझं..."

"कुणाचंच नाही," मी म्हटलं आणि काम चालू ठेवलं.

त्यांनी सुकलेली फुलं गोळा केली आणि दुसरीकडे बसले. त्या आठवड्यात बरेच जण हलले. नियम चांगला आहे असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. काऊंटरवर आता माणसं कमी वेळ उभी राहतात.

रविवारी शेजारच्या काकूंनी वडिलांना विचारलं, "काय मग, बघितलं का लेकीचं टेबल?"

मी आत भाजी निवडत होते. वडील म्हणाले, "अजून न्हाय मिळालं तिला. हुशार हाय. मिळंल."