रात्रपाळीच्या घरातला रियाज

गाणं शिकायला लागले त्या पहिल्या महिन्यात बाईंनी मला काहीच शिकवलं नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायला लावायच्या आणि विचारायच्या, खांदे कुठे वर गेले? हनुवटी कधी उचललीस? श्वास कुठे संपला? मी अगदी मेटाकुटीला यायचे. पण गळ्याची खोड कळल्याशिवाय त्या कुणालाच रियाज देत नसत. नाकात गाणारीला वेगळा, घसा आवळणारीला वेगळा. माझी खोड अशी निघाली की ओळीचा शेवटचा स्वर मी गिळून टाकायचे आणि आवाज ओठांबाहेर जाऊच द्यायचे नाही.

"दिवसा घरात कोण झोपतं गं?" बाईंनी विचारलं.

मला एकदम रडूच आलं.

देवगाव रंगारीची आमची विहीर कोरडी पडली तेव्हा बाबा आम्हाला घेऊन शहराच्या कडेला हर्सूलला एका खोलीत राहायला आले. वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर त्यांना कायमची रात्रपाळी मिळाली. सकाळी यायचे, भाकरी खाऊन झोपायचे. मग आम्ही खुणांनी बोलायचो. शिट्टी नको म्हणून आई डाळसुद्धा पातेल्यात शिजवायची. या शिस्तीत आवाज वाढणार तरी कुठून!

बाईंनी रियाज दिला तो नेमका सकाळचा. तोंड उघडून, पोटातून 'आ' असा आकार लावायचा आणि शेवटचा स्वर श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही. घरी ते शक्यच नव्हतं. मी हर्सूल तलावावर जायला लागले. त्या वर्षी पुन्हा दुष्काळ पडून तलावाचा तळ उघडा पडला होता. भेगाळलेल्या मातीत उभी राहून मी गायचे आणि मागच्या रस्त्यावरून नव्या कॉलन्यांकडे टँकर जायचे. हळूहळू आवाज सुटला. पहिल्यांदा स्वर पूर्ण लागला तेव्हा तो माझाच आहे हे मला खरं वाटेना. तो बाबांना ऐकवायचा, एवढं एकच मनात होतं.

एका सकाळी राहवलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी खोलीतच आकार लावला, भरदार, शेवटपर्यंत. ते हललेही नाहीत. मला वाटलं, कौतुकानं गप्प पडून ऐकताहेत. मी हसत आईकडे पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता.

"त्यांना ऐकू येत नाय," ती म्हणाली. "लई दिवस झाले, ओठ बघून बोलणं वळखतेत. मशीननं कान नेले."

कारखान्यात कळलं तर काढून टाकतील, म्हणून बाबांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही पोरं बाहेर बोलू, म्हणून आईनं घरातली शांतता तशीच चालू ठेवली होती. ऐकू न येणाऱ्या माणसाची झोपमोड होऊ नये म्हणून मी आवाज गिळत मोठी झाले. मला दोघांचाही राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

त्यांचं गुपित मला कळलंय हे आईनं बाबांना सांगितलं असावं. संध्याकाळी कंपनीच्या बसची वाट बघत ते दारात बसले होते. मला त्यांनी जवळ बोलावलं.

"लोकं म्हणतेत तुझा आवाज लई मोकळा झालाय. कसा हाय गं?"

"चांगला आहे," मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला.

"जरा मोठ्यानं बोल."