काकाजींची धोक्यांची वही

अकोला आणि अमरावतीच्या दरम्यान आजवर जी जी कामं वेळेवर झाली नाहीत, त्यांतली निम्मी आमच्या काकाजींमुळे झाली नाहीत, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "निम्मी म्हंजे तू मोजली काय? यादी हाये काय तुयापाशी?" यादी नव्हती. "मंग हे मत नाई बापू, हा तुया राग हाये," असं म्हणून ते डबा खायला निघून गेले.

काकाजी नात्यानं माझे कोणी नव्हेत. रेल्वेच्या सिग्नलची कामं घेणाऱ्या एका कंपनीच्या अकोल्याच्या कार्यालयात मी प्रकल्प व्यवस्थापक होतो आणि ते सुरक्षा अभियंता. वयानं बरेच वडील, म्हणून सगळेच त्यांना काकाजी म्हणत. सिग्नल, फाटकं, केबली वेळेत उभ्या करायच्या हे माझं काम. त्या उभ्या राहिल्यावर काय काय बिघडू शकेल याचा आधीच विचार करायचा आणि प्रत्येक धोक्याचा बंदोबस्त झाल्याची खात्री पटल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, हे त्यांचं. ही नोंद संगणकात ठेवायची सोय होती, पण काकाजींची खरी श्रद्धा निळ्या पुठ्ठ्याच्या एका लांबट वहीवर होती. रोज सकाळी ती कापडी पिशवीत घालून ते जुन्या शहरातून मोर्णा नदीचा पूल ओलांडून स्कूटरवर येत. वहीत रकाने आखलेले असत: धोका काय, उपाय काय, जबाबदार कोण, स्थिती उघडी की बंद. शेवटी एक रकाना त्यांनी स्वतःच्या डोक्यानं वाढवलेला होता. त्यावर लिहिलेलं असे, 'मिळाले'. एखादा धोका सांभाळायची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडली, त्यानं तिथं सही करायची. तशी सही असल्याशिवाय काकाजींच्या लेखी तो धोका बंद होत नसे, मग वरून कितीही फोन येवोत.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे शब्दांवर दात ठेवणं. कंत्राटाच्या कागदांत 'योग्य', 'पुरेसा', 'शक्यतो' असले शब्द दिसले की ते लाल पेनानं गोल करत आणि कागद माझ्याकडे परत पाठवत. "पुरेसा उजेड म्हंजे किती? मी तपासू कसा? आन हे मांगतलं कोनं?" हा शेवटचा प्रश्न त्यांना जगातल्या सगळ्याच गोष्टींना लागू पडतो असं वाटे. एखादी अट कोणी घातली, कशासाठी घातली, हे सापडेपर्यंत ते जुन्या पत्रांचे गठ्ठे उपसत बसायचे आणि मी दारात उभा राहून घड्याळाकडे बघायचो. एकदा अमरावतीला माझ्या घरी जेवायला आले असताना त्यांनी भाजीची चौकशी केली. माझी बायको सांगू लागली, तिखट इतकं, शेंगदाण्याचा कूट इतका, मीठ चवीपुरतं. झालं, घास हातातच राहिला. "चवीपुरतं हे तपासाचं कसं, सूनबाई?" बायको म्हणाली, "तुम्ही खाऊन सांगा, हीच तपासणी." काकाजी इतके खूश झाले की हे वाक्य त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मला पंधरा वर्षांत त्यांच्याकडून इतकी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही शिक्षाच होती. कार्यालयाची गाडी बिघडली म्हणून एकदा आम्ही दर्यापूरला जायला काळीपिवळी जीप धरली. जीप भरली, चालकानं चावी फिरवली, आणि काकाजींनी मागच्या दाराची कडी दोनदा हलवून पाहिली. "हे दार खड्ड्यात उघडलं तं मानूस कोनाच्या मांडीवर जाईन?" त्यांनी विचारलं. चालक म्हणाला, "अजून कोनी गेला नाई, काकाजी." "गेला नाई म्हंजे जानार नाई असं काई हाये काय?" यावर चालकानं एकच उपाय योजला. त्यानं आम्हाला खाली उतरवलं आणि दुसरे दोघं घेतले. पुढची जीप येईस्तोवर आम्ही पाऊण तास कपाशीच्या शेताकडे तोंड करून उभे होतो. तेवढ्यात त्यांनी त्या कडीची नोंदही करून टाकली. जबाबदार कोण, या रकान्यात त्यांनी चालकाचं नाव लिहिलं नाही, कारण ते विचारायचं राहून गेलं होतं, आणि याचीच त्यांना दिवसभर चुटपुट लागली.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या वर्षी माझी मुलगी दहावीला होती. घर अमरावतीला, मी अकोल्याला, आणि गाठ फक्त रविवारी. गणित मीच शिकवीन, असं मी तिला कबूल करून बसलो होतो. आमच्या वरच्या साहेबांनीही कबूल केलं होतं की दर्यापूरकडच्या रस्त्यावरचं शेवटचं फाटक सुरू झालं की माझी बदली अमरावतीला. आता सगळं त्या एका फाटकावर अडलं होतं. नवे दांडे बसले होते, सिग्नल जोडले गेले होते, यंत्रांसाठी बांधलेल्या खोलीला रंगही देऊन झाला होता. वहीत एकच ओळ उघडी राहिली होती: फाटक पडताना दोन दांड्यांच्या मध्ये वाहन अडकण्याचा धोका.

ती मी कशी बंद केली, हे सांगायला आज संकोच वाटतो. आमच्या धंद्यात सगळेच करतात तेच मी केलं. संगणकातल्या नोंदीत उपायाच्या रकान्यात लिहिलं, 'रस्ता मोकळा असल्याची खात्री गेटमन करील.' जबाबदारी गेटमनवर टाकली, स्थिती 'बंद' केली आणि मुलीला फोन करून सांगितलं की पुढच्या आठवड्यात येतोय. दुसऱ्या दिवशी काकाजींनी मला फक्त एवढंच विचारलं, "तिले सांगतलं काय?"

त्या फाटकावर गेटमन म्हणून एक बाई होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. काकाजींना होतं. मी चिडून म्हणालो, "काकाजी, नियमावलीत लिहिलेलं असतं ते. वेगळं काय सांगायचं?" चाचणीच्या दिवशी गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. काकाजींनी मला गेटमन बसतो त्या गुमटीत, त्या बाईशेजारी उभं केलं. "तूच खात्री कर बापू. मोकळं हाये म्हन, मंग ह्या दांडे पाडतीन." एवढं बोलून ते बाहेर गेले. मी खिडकीतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रस्ता स्वच्छ होता. मी म्हणालो, "मोकळं आहे. टाका." बाईंचा हात दांडे पाडायच्या यंत्राच्या मुठीवर गेला, पण त्यांनी मूठ काही फिरवली नाही, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. आणि बाहेरून स्कूटरचा भोंगा वाजला.

काकाजी दोन दांड्यांच्या मध्ये, पलीकडच्या बाजूला, स्कूटरवर बसलेले होते. मला ते दिसलेच नव्हते, कारण मध्ये यंत्रांची खोली होती. ती खोली तिथं बांधायची, म्हणजे केबल कमी लागेल, हा निर्णय माझा होता.

"मले कोनी काई सांगतलं नाई, साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "ते खोली झाली तवापासून तिकडचं काईच दिसत नाई. दर खेपेले बाहेर जाऊन, वळसा घालून पाहा लागते. कपाशीचा टॅक्टर असला तं तो हलतच नाई लवकर. आन मी बाहेर असली की अठी गुमटीत फोन वाजते." त्या बाई रोज किती वेळा त्या खोलीला वळसा घालत असतील, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

खोली पाडून दुसरीकडे बांधावी लागली. फाटक सुरू व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला आणि तोवर दहावीची परीक्षा होऊन गेली. गणित मुलीनं शेजारच्या बाईंकडे केलं. चांगले मार्क पडले तिला, पण पेढा देताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नव्हते तरी झालं," आणि ते मला लागलं. मी सगळा राग काकाजींवर काढला. कित्येक दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते रोज माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवून जात आणि मी तो थंड होऊ देत असे. खरं तर मला त्यांचा राग नव्हता, लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा राग सोपा असतो.

माझी बदली आणि त्यांची निवृत्ती एकाच महिन्यात आली. ते दर्यापूरला आपल्या शेतावर राहायला जाणार होते. निघताना त्यांनी निळी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सांभाळ. यात तुया रागपन हाये." मी ती न उघडताच खोक्यात टाकली आणि अमरावतीला आणली.

मागच्या महिन्यात आमच्या नव्या कामाची बैठक होती. एका हुशार अभियंत्यानं पडद्यावर तक्ता दाखवला आणि सांगितलं की एक धोका स्टेशन मास्तरांकडे वर्ग केलाय, म्हणून बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवणाची वेळ झाली होती. मी विचारलं, "त्यांना सांगितलं का?" सगळे माझ्याकडे अशा काही नजरेनं बघू लागले की ती मला लगेच ओळखू आली. पंधरा वर्षं मी काकाजींकडे तसंच बघत होतो.

घरी येऊन मी खोकं उघडलं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या किरट्या अक्षरात एक ओळ होती. धोका: उद्यापासून इथं विचारणारा कोणी नाही. उपाय: कोणीतरी विचारत राहावं. जबाबदार, म्हणून माझं नाव. स्थिती: उघडी. आणि 'मिळाले'चा रकाना रिकामा. एवढे दिवस तो माझी वाट बघत खोक्यात पडून होता, आणि मला काकाजींची इतकी आठवण आली की मी उभ्या उभ्याच सही केली आणि त्यांना फोन लावला.

"काकाजी, मिळालं."

"काय भेटलं?"

"शेवटची ओळ. सही केली."

त्यांनी पलीकडून विचारलं, "तारीख टाकली काय?"

तारीख टाकलेली नव्हती.

"मंग टाक, बापू," ते म्हणाले. मी तारीख टाकली. स्थितीच्या रकान्याला मात्र मी हात लावला नाही.